रबरी मासे रंगवायचं जॉबवर्क आणि माझे ३४,३०० रुपये

आधी आकडा सांगतो, ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं. डिपॉझिट ३०,००० रुपये. 'कलर किट' ४,८५० रुपये. ५०० चा स्टॅम्प पेपर आणि १५० नोटरीचे. एकूण ३५,५००. त्यातले १,२०० परत आले, तेही सुरुवातीलाच, गळाला लावलेलं आमिष म्हणून. उरले ३४,३००. मी, बायको आणि मुलगी, तिघांची अठरा दिवसांची मजुरी यात धरलेली नाही.

अगरबत्तीचं पॅकिंग, पेन्सिलींची पेटी, घरबसल्या काम हे सगळं मीही ऐकून आहे. अशा जाहिराती बघून चाळीतल्या पोरांना मीच शिव्या घालायचो. पण हे माझ्याच धंद्यातलं आणि माझ्याच छंदातलं होतं, म्हणून शंका आली नाही. २२ वर्षं मी स्क्रीन प्रिंटिंग करतोय, त्यातलं निम्मं काम व्हिनाइल स्टिकरचं. रविवारी गरवायला जातो आणि जिताडा, तांबोशीसाठी रबरी आमिषं घरीच ओततो. दुधासारखं प्लास्टिसॉल, म्हणजे पातळ मऊ प्लास्टिक, १७०-१८० अंशांपर्यंत तापवलं की पारदर्शक होतं, मग साच्यात ओतायचं. जास्त तापलं तर पिवळं पडतं आणि त्याचा धूर घशाला, डोळ्यांना झोंबतो, म्हणून हे सगळं गॅलरीत, वेगळ्या भांड्यात. वरून पाठीची काळी रेघ, पोटाचा मोतिया आणि डोळे रंगवायचे ते माझ्याच व्हिनाइल इंकने.

माझ्या स्टेटसवरचे फोटो पाहून जूनमध्ये एकाचा फोन आला. "काका, तुमच्या हातात कला आहे," म्हणाला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, रॉड माळ्यावर, गाळ्यावरही काम कमी. पहिले १०० कोरे मासे विनाडिपॉझिट दिले, नगाला १२ रुपये मजुरी. मी माझी इंक वापरून रंगवले. तिसऱ्या दिवशी १,२०० रुपये खात्यात. आता सांगा, कुणाचा विश्वास बसला नसता?

मग २,००० नगांची ऑर्डर आली, नारळी पौर्णिमेच्या आत पाहिजे म्हणून. नगाला १५ रुपये डिपॉझिट. असा एक मासा मी स्वतः ओतला तर चार रुपयेही पडत नाहीत, हे मला माहीत होतं. पण डिपॉझिट तर परत मिळणारच आहे ना, मग किंमत कशाला बघायची? करारात कलम होतं: रंग कंपनीनेच दिलेला वापरायचा, नाहीतर माल नामंजूर, आणि नामंजूर मालाचं डिपॉझिट जप्त. मी वाचलं. सही केली.

किटमधल्या बारा बाटल्या. पहिलीचं झाकण उघडलं आणि वास आला नाही.

या एका गोष्टीवर मी अजून रात्री जागा असतो. व्हिनाइल इंकचा डबा उघडला की रिटार्डरचा, म्हणजे इंक लवकर सुकू नये म्हणून घातलेल्या सॉल्व्हंटचा, वास शेजारच्या खोलीत जातो. त्यातलं सॉल्व्हंट मऊ पीव्हीसीच्या पृष्ठभागात शिरतं म्हणून तर रंग पकड घेतो. इथे वास नाही, म्हणजे पाण्याचा रंग, शाळेतल्या पोरांच्या ॲक्रेलिकसारखा, वर दुसरं लेबल चिकटवलेलं. मऊ रबरी माशातून प्लास्टिसायझरचं, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं, तेल सतत बाहेर येत असतं. साध्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवले तर डबीही वितळून चिकट होते. त्याच्यावर पाण्याचा रंग बसणारच नाही. हे मी स्वतः दोन कारागीर पोरांना शिकवलंय! तरी फोन केला, तर म्हणे "परदेशी पार्टीला सॉल्व्हंट चालत नाही, हे नवीन आहे, आठ दिवस सुकू द्या." आमच्या धंद्यात पाण्याच्या शाया आल्यात हे खरं आहे, म्हणून वाटलं असेलही. दुसऱ्या दिवशी एक शेपूट वाकवली तर पापुद्रा निघाला. तेव्हाच पोतं उचलून त्याच्या दारात टाकायला हवं होतं. मी काय केलं? तो मासा कचऱ्यात टाकला, बायकोला दिसू नये म्हणून, आणि पुढचा घेतला.

२,००० माशांचे ४,००० डोळे टाचणीच्या डोक्याने काढले. माल घेऊन गेलो. त्यांच्या पोराने माझ्यासमोर पाच मासे वाकवले, पाचही सोलले. "काका, क्वालिटी फेल." पंधरा दिवसांनी गेलो तर त्यांच्या गाळ्याला कुलूप आणि माझ्यासारखेच तिघे बाहेर उभे.

चौकीत हवालदारांनी मासा हातात घेऊन विचारलं, "हा खायचा आहे का?" मग दुसऱ्याला बोलावून दाखवला. दोघं हसले. साहेब म्हणाले, करार आहे, सही आहे, सिव्हिल मॅटर आहे, वकील करा. मी म्हटलं, रंग मुद्दाम न टिकणारा दिला, ही फसवणूकच आहे. तर म्हणे गाळा आमच्या हद्दीत नाही. तिकडे गेलो तर तिकडचे म्हणाले, पैसे तुम्ही घरी बसून पाठवले ना, मग तिकडेच जा. तीन खेपा, दोन खाडे, एकदा साहेब बंदोबस्तात, एकदा जेवायला. बाटली दाखवली, कुणी हातात घेतली नाही. बँकेत गेलो तर म्हणे, पिन तुम्हीच टाकला. हो, मीच टाकला! चोराला पिन दिला असता तर तुम्ही काय वेगळं केलं असतं?

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. अर्जात ४२० लिहिलं म्हणून माझा अर्ज एकदा परत दिला. नाकारलं तर वरिष्ठांना स्पीड पोस्टाने लेखी पाठवा, पावती जपा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. मी एकोणीस दिवसांनी केला, लाज वाटत होती म्हणून. कच्चा माल आणि रंग दोन्ही त्यांचा आणि पास-नापासही तेच ठरवणार असतील, तर डिपॉझिट देऊ नका, एक रुपयाही नाही. पहिल्या हप्त्याचे पैसे वेळेवर आले म्हणून तर मुळीच नाही.

आणि बाटल्या फेकू नका. मी रागात चार गटारात ओतल्या. सात अर्ध्या आहेत. बारावीचं सील मी अजून तोडलेलं नाही, ती कपाटात पोस्टाच्या पावतीशेजारी ठेवलीय. मुलीला रांगोळीसाठी हवी होती, तिलाही दिली नाही.