पाय वाचवायचा की काढायचा? हाडाच्या कर्करोगातली निवड

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुतेकदा गुडघ्याजवळ होतो, तोही वाढत्या वयात. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पाय काढला तर जीव नक्की वाचेल ना? भोवतीच्या निरोगी भागासकट गाठ पूर्ण निघत असेल, तर जगण्याची शक्यता दोन्हींत जवळपास सारखीच असते. पाय वाचवल्यास त्याच जागी गाठ उलटण्याचा धोका थोडा जास्त. मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा गाठीत पुरत्या अडकल्या असतील तर मात्र हट्ट धरू नये.

खरा फरक पुढच्या आयुष्यात पडतो. पाय वाचवताना गाठीचं हाड काढून आत धातूचा सांधा बसवला की पाय आपलाच राहतो, पायाला स्पर्श कळतो. पण जंतुसंसर्ग साधारण दहातल्या एकाला गाठतो, कधी कित्येक वर्षांनी. सांध्याची बिजागरी झिजते, हाडातली दांडी सैल होते. तरुण पेशंटने पुढे आणखी ऑपरेशनं धरूनच चालावं. धावणं, उड्या मारणं बंद.

पाय काढल्यावर जखम सहसा लवकर भरते, किमो अडत नाही. मात्र मांडीतून काढला असेल तर चालताना जास्त दम लागतो, आणि नसलेला पाय दुखतो (हा भास नव्हे, दुखणं खरंच असतं). कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाचा पाय याच कर्करोगामुळे 1977 मध्ये काढला. 1980 मध्ये कृत्रिम पायावर तो 143 दिवस धावला, 5,373 किलोमीटर. आतल्या सांध्यावर असं धावणं कुठलाही सर्जन मान्य करणार नाही.

‘कस्टम’ (खास मापाने बनवलेला सांधा) या शब्दाला भुलू नका. गुडघ्यासाठी तयार सुट्या भागांचा सांधा बहुधा पुरतो, लांबी ऑपरेशनच्या वेळीच जुळवता येते. मापाने बनवायला काही आठवडे जातात, म्हणून किमो चालू असतानाच मागणी नोंदवावी लागते. कंबरेचं हाड किंवा लहान मुलाचं बारीक हाड असेल तर मात्र कस्टम लागू शकतो.

लहान मुलांचं गणित वेगळं. मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते. तेच टोक गेलं तर बाहेरून चुंबकाने लांबवता येणारा सांधा बसवतात. दुसरा मार्ग रोटेशनप्लास्टीचा: पाऊल उलटं फिरवून घोट्यालाच गुडघा करायचा. दिसायला विचित्र, पण मूल पळतं! माझ्या मते खेळकर मुलासाठी हा पर्याय नुसत्या दिसण्यावरून फेटाळू नये.

एक मात्र आधीच सांभाळा. बायॉप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) पुढे ऑपरेशन करणाऱ्या टीमकडूनच करून घ्या. सुई चुकीच्या जागेतून गेली तर वाचणारा पायही हातचा जाऊ शकतो.