इंटिग्रेटेड की साधं ज्युनियर कॉलेज? बाहेर अर्ज करणाऱ्यांसाठी

बारावीनंतर अमेरिकेला अर्ज करायचा असेल, तर अर्धीअधिक तयारी दहावीच्या निकालानंतर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरतानाच ठरून जाते. क्लासवाल्यांशी जोडलेलं इंटिग्रेटेड घ्यायचं की रोज जायचं साधं कॉलेज? भाच्याने पहिलं घेतलं. मुलीच्या वेळी आम्ही दुसरं घेतलं.

इंटिग्रेटेडची बाजू लंगडी नाही. लोकलची एक फेरी वाचते, गणित-फिजिक्स घोटून होतं आणि एसएटीच्या (अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेच्या) गणिताला वेगळा क्लास लागत नाही. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये एसएटीसारख्या परीक्षेच्या गुणांची सक्ती परत आणली, तेव्हा हा फायदा किरकोळ नाही. शिवाय स्कॉलरशिप नाही जमली तर जेईई आहेच. आपल्यासारख्या पगारदारांना तेवढाच धीर.

माझं मत फिरलं ते शिफारसपत्रांमुळे. कॉमन ॲपवरून, म्हणजे एकाच ऑनलाइन फॉर्मवरून अनेक अमेरिकी कॉलेजांना, अर्ज करताना बरीच कॉलेजं विषय शिक्षकांची एक-दोन पत्रं मागतात. शिक्षकाला फॉर्मवर लिहावं लागतं की या मुलाला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता. शिवाय त्याला वर्गातल्या इतरांच्या तुलनेत कुठे बसवाल, तेही विचारतात. भाचा कॉलेजात जायचा तो प्रॅक्टिकलला आणि जर्नलवर सही घ्यायला. सरांना त्याचा रोल नंबर माहीत, चेहरा नाही. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." गंमत म्हणजे पत्र आपण वाचणार नाही, असा हक्कत्याग बहुतेक मुलं त्याच अर्जात करतात. इथे तर पत्र लिहिणाराच तो! क्लासचे सर त्याला उत्तम ओळखत होते, पण ते कॉलेजचे शिक्षक नव्हेत. शेवटी सरांनी स्वतःच्या साध्या जीमेलवरून चार ओळी पाठवल्या, त्याही दिवाळीच्या सुट्टीत, १ नोव्हेंबरची मुदत तोंडावर असताना. घरात त्या आठवड्यात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

(२०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. तिचा दरारा किती, ते कॉलेजच्या वेळेत क्लासबाहेरच्या चहाच्या टपरीवर दिसतं.)

मुलीचं कॉलेजही काही आदर्श नव्हतं. लेक्चर बुडायची, एसएटीचा अभ्यास तिला घरीच करावा लागला आणि गणित भाच्याइतकं पक्कं झालं नाही, हे कबूल. पण बायोलॉजीच्या मॅडम तिला नावाने ओळखत. हिवाळ्यात शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला त्या मुलांना न्यायच्या, तेव्हा नोंदवही हिच्याकडे असायची. पत्रात त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही, पण लिहायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. अर्जातल्या उपक्रमांच्या दहा रकान्यांतही, दीडशे-दीडशे अक्षरांत का होईना, सांगण्याजोगं सापडलं. भाच्याचे तीन भरले, तेही शाळेतले.

अकरावीचे गुणही विसरू नका. आपल्याकडे 'अकरावीला कोण विचारतं' म्हणतात, पण तिकडे नववी ते बारावी सगळ्यांच्या गुणपत्रिका जातात.

अर्थात, फक्त ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’च्या सरकारी विद्यापीठांकडेच जायचं असेल तर गणित वेगळं. बारावीनंतरच्या अर्जाला ते सहसा शिक्षकांची पत्रं मागत नाहीत, एसएटीही बघत नाहीत. तिथे प्रत्येकी साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेत चार उत्तरं नीट लिहिता आली पाहिजेत. जेईई हेच मुख्य ध्येय आणि अमेरिका जोडीला, असं असेल तरी मी इंटिग्रेटेडला नाही म्हणणार नाही. बाकी कोणी विचारलं तर मी साध्या कॉलेजकडेच बोट दाखवतो.

इंटिग्रेटेडमध्ये प्रवेश झालाच असेल, तर अकरावीच्या दुसऱ्या सत्रापासून एका तरी विषयाच्या प्रॅक्टिकलला मुलाने वेळेआधी पोचावं आणि शेवटपर्यंत थांबावं. पत्राचं बोलणं बारावीच्या गणपतीआधी करून ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत शिक्षक गावी असतात.