एक्झॉस्टचा मार्ग बदलायचाय: मागून, दोन तोंडांनी की बाजूने?

गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितली की एक्झॉस्टचा हिशोब लगेच कळतो. इंजिनला चिकटून सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा मॅनिफोल्ड, त्याला लागून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), मग लांब पाईप, मध्ये कुठे घुमणारा आवाज मारणारा छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, मागच्या ॲक्सलपाशी वळसा आणि शेवटी सायलेन्सरचा डबा. ताकदीचा प्रश्न इंजिनकडच्या टोकाला सुटतो, दिसण्याचा बंपरखाली. गॅरेजवाला मात्र कुठल्याही टोकाला हात घातला तरी 'पिकअप वाढेल' म्हणतो.

समजा तुमच्याकडे १.२ लिटरची, टर्बो नसलेली स्विफ्ट आहे आणि मित्राकडे १ लिटर टर्बोची, १२० पीएसची आय२० एन लाइन. दोघांनी एकच काम करून घेतलं तरी पदरात पडणारं माप वेगळं असेल.

सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम म्हणजे मार्गाला हात न लावता फक्त मागचा डबा बदलायचा. आवाज भारदस्त होतो, टीप म्हणजे पाईपचं बाहेरचं तोंड चकचकीत दिसतं, इंजिनाला जवळपास काही फरक पडत नाही. गोम आहे ती घुमण्यात. दोन-तीन हजार आरपीएमला डब्याचा आवाज केबिनमध्ये घुमायला लागतो, आणि एक्स्प्रेसवेवर टॉप गिअरमध्ये ताशी १०० ठेवली की छोटी पेट्रोल गाडी नेमकी तिथेच असते. गल्लीत ऐकून खूश झालेला माणूस लोणावळा येईपर्यंत वैतागतो. त्यामुळे रेझोनेटर काढू देऊ नका, डबा छोटा घेतला तरी चालेल.

दुसरा पर्याय कॅटच्या मागचा सगळा पाईप नवीन आणि शेवटी दोन्ही बाजूंना तोंडं. दिसायला हाच सगळ्यात देखणा. पण चार सिलिंडरच्या गाडीत एकच पाईप मागे येतो आणि स्टेपनीच्या खोलगट जागेखालून फाटा फोडून दोन केला जातो, म्हणजे दुसरं तोंड शोभेचं आणि वजन वाढलेलं. खरा फायदा-तोटा पाईपच्या मापात आहे. दोन इंचाचा अडीच इंच केला की आतलं क्षेत्रफळ सुमारे ५६ टक्के वाढतं आणि तेवढ्याच वायूचा वेग सुमारे ३६ टक्के घटतो. टर्बो गाडीला टर्बाइनच्या मागे मोकळीक मानवते. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात मात्र वेगाने निघालेला वायू मागच्या स्ट्रोकचा उरलेला धूर ओढून नेतो, आणि ती ओढ मंदावली की खालच्या आरपीएमचा दम जातो. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तो दमच रोज लागतो. 'बॅक प्रेशर (धुराच्या वाटेतला अडथळा) हवंच' असं कुणी सांगितलं तर हसू नका. त्याचं कारण चुकीचं असतं, सल्ला बहुतेकदा बरोबर.

बेंड बघून घ्या. मँड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वळवलेला पाईप वळणातही गोल राहतो. साध्या मशीनवर दाबून वळवलेला आतल्या बाजूला चेपतो आणि तुम्ही पैसे देऊन घेतलेलं माप तिथेच वाया जातं. ॲक्सलच्या वरून नेण्याऐवजी खालून पाईप काढून देणारे कारागीरही आहेत. त्यांना नमस्कार करून निघा, पहिल्याच गतिरोधकावर घासेल. कोकणात किंवा समुद्राकाठी राहत असाल तर साधं माइल्ड स्टील नको, ३०४ स्टेनलेस घ्या.

तिसरा पर्याय, बाजूने बाहेर, तरुण पोरांना सगळ्यात आवडतो. पाईप मागच्या चाकाआधीच संपतो, वजन घटतं, मार्ग छोटा, म्हणून ताकद जास्त असा समज. अमेरिकेतली डॉज वायपर याच बाजूच्या पाईपांसाठी प्रसिद्ध होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने ते मागे नेले, तर अडथळा कमी होऊन ताकद ४०० वरून ४१५ अश्वशक्तीवर गेली. छोटा मार्ग म्हणजे मोकळा मार्ग नव्हे, कारण बाजूला पुरेसा मोठा सायलेन्सर बसायला जागाच नसते.

आपल्याकडे त्यात आणखी भर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११२ वा नियम धूर गाडीच्या डाव्या बाजूला सोडू देत नाही, आणि डाव्या बाजूलाच फुटपाथ, बसथांबा आणि सिग्नलला खेटून उभी ॲक्टिवा असते. पुढचा ११३ वा एक्झॉस्ट पाईप आणि इंधनाची नळी यांच्यात किमान ३५ मिलिमीटर अंतर मागतो. नवीन मार्ग काढताना ही नळी, ब्रेक पाईप आणि हँडब्रेकची केबल नेमक्या आड येतात, शिवाय उष्णता अडवणारी जुनी हीट शील्ड नव्या जागी नसते. वर उघड्या खिडकीतून धूर आत येण्याचा धोका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माझ्या मते रोजच्या गाडीला हा पर्याय बादच.

ताकदच हवी असेल तर ती डाउनपाईपमध्ये, म्हणजे टर्बोच्या लगेच मागच्या पाईपमध्ये आहे, आणि तीही टर्बो गाडीत, ईसीयू रिमॅपसह, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून. इथे 'कॅट काढून टाकू' हे वाक्य हमखास येतं. कॅट गेला की मागचा ऑक्सिजन सेन्सर इंजिनचा दिवा पेटवतो, धूर वास मारतो आणि पीयूसीला गाडी अडते. हाय-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणाऱ्या कॅटचा पाईप महाग पडतो, तरी घ्यायचाच तर तोच. वॉरंटी मात्र विसरा. स्विफ्टवाल्याने हा खर्च करूच नये.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि आवाज-धुरासाठी कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड शिवाय तीन महिने लायसन्स बाद. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर क्लेममध्ये आडवा येतो तो वेगळाच.

म्हणून स्विफ्टला मागचा डबा, तोही जुन्याच मार्गावर आणि आवाज मर्यादेत ठेवून. एन लाइनला कंपनीनेच जुळी टीप आणि जरा दमदार आवाज दिलाय, तिथे तर आधी काही न करणंच शहाणपणाचं. वेल्डिंगऐवजी फ्लँज आणि नटबोल्टने जोडायला सांगा, मूळ डबा कापू देऊ नका, पिशवीत घालून घरी न्या. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं.