'नाव जुळवून देतो' म्हणणारा एजंट

बाबांचा जन्म डिचोलीचा, 1953 चा. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि तोवर कायद्याने पोर्तुगीज होते. त्या तारखेआधी इथे जन्मलेल्यांची नोंद पोर्तुगाल आजही आपल्या नागरिकांत करून घेतं आणि मग मुलानातवंडांना वाट मिळते. आमच्या मुलाला आयर्लंडला जायचं होतं, तोही पोर्तुगालसारखाच युरोपियन युनियनमधला देश. बाबांना स्वतःसाठी काहीच नको होतं. "नातवाचं होत असेल तर करा," एवढंच ते म्हणाले.

अडचण होती ती नावाची. पोर्तुगीज अमदानीतल्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. श असेल तिथे 'एक्स', प्रभूचा पोरोबो, नाईकच्या शेवटी रोमन अक्षरांची शेपटी. बाबांचं नाव जन्मनोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. आजोबा तर स्वतःच्या लग्नाच्या नोंदीत वेगळे आणि मुलाच्या जन्माच्या नोंदीत वेगळे. गोव्यातल्या हिंदू घरांत हे इतकं सर्रास आहे की कुणी त्याचं फारसं मनावर घेत नाही. लिस्बनला कागद पाठवायची वेळ आली की मात्र झोप उडते.

नात्यातल्या एकाने म्हापशातला एजंट सांगितला. छोटं ऑफिस, भिंतीवर लिस्बनचं कॅलेंडर. सगळे कागद पाहून तो म्हणाला, "सगळें जातलें, पात्रांव. नांव हांव जुळयतां." म्हणजे सगळं होईल मालक, नाव मी जुळवतो. कसं जुळवणार, असं मी विचारलं, तर नुसता हसला. त्या क्षणी मला उठायला हवं होतं. सरकारी वहीत 1953 साली शाईने लिहिलेलं नाव ऑफिसात बसून जुळवता येत नाही, हे कळायला वकील लागत नाही. पण मला कळून घ्यायचंच नव्हतं, हेही खरं.

एकूण अडीच लाख ठरले. ऐंशी हजार रोख दिले, पावती नाही. पुढे 'लिस्बनची फी' म्हणून चाळीस हजार यूपीआयवर घेतले, तेही भलत्याच नावाच्या खात्यात. पैशांपेक्षा मोठी चूक म्हणजे मी त्याला मूळ कागद दिले. आजोबांचं पापेल सेलादवरचं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या मुद्रांक कागदावरचं, एक पत्र आईने पत्र्याच्या पेटीत साठ वर्षं जपलं होतं. झेरॉक्स चालत नाही म्हणाला, आणि मी पेटी उघडून दिली.

आणखी दोन गोष्टी तो बिनदिक्कत सांगायचा. एक, पोर्तुगीज पासपोर्ट आला की लंडनला थेट नोकरी. ब्रेक्झिटनंतर, 2020 संपलं तेव्हाच, ती सोय बंद झाली. इंग्लंडमध्ये स्विंडनला असलेला माझा मावसभाऊ जुन्या नियमाने राहिलाय, नव्याने जाणाऱ्याला व्हिसा लागतो. दुसरी, भारतीय पासपोर्टही ठेवा, कोणाला कळतंय! ही थाप जास्त घातक. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. दोन्ही ठेवायची सोय आपल्याकडे नाही.

चवथीनंतर त्याने जन्माची 'तेओर' हातात ठेवली. जुन्या नोंदीची शब्दशः नक्कल म्हणजे तेओर. त्यावर बाबांचं नाव अगदी आधारवरच्यासारखं! शिक्के, सही, नोंद क्रमांक, सगळं जागच्या जागी. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "माझं नाव इतकं शुद्ध कुणी लिहिलं?" मी विषय बदलला.

कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र, अपोस्टील, लांबत चाललं, म्हणून शेवटी मीच कागद घेऊन पणजीला गेलो. परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टीलआधी राज्य सरकारचं साक्षांकन लागतं. तिथल्या बाईंनी सही न्याहाळली आणि आधी डिचोलीला जाऊन पडताळून आणा म्हणून सांगितलं. डिचोलीच्या निबंधक कार्यालयात क्लार्कने तो नोंद क्रमांक काढला. त्या पानावर भलत्याच कुणाच्या मुलीचा जन्म होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. अर्जावर सही बाबांची होती. हा कागद लिस्बनला गेला असता तर खोटा दस्तऐवज वापरणारा म्हणून नाव बाबांचंच लागलं असतं, एजंटचं कुठेच नव्हतं.

खरी नक्कल मग मी रीतसर अर्ज करून घेतली. फी किरकोळ होती, फक्त चार खेपा पडल्या. नाव जुन्याच धाटणीचं. वकिलांनी सांगितलं की नोंदीतलं नाव आहे तसंच पाठवायचं आणि दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे प्रतिज्ञापत्र आणि मधल्या काळातले दाखले लावून दाखवायचं. वेळ लागेल. नोंदच दुरुस्त करायची असेल तर तीही कायद्याच्या वाटेनेच.

पोलिसांत तक्रार दिली. रोख रकमेला पुरावा नाही, यूपीआयचा मात्र आहे, त्यामुळे चाळीस हजारांवर बोलणी चालू आहेत. पापेल सेलाद दिलंच नाही, असं तो आता म्हणतो. देताना मी त्याचा साधा फोटोही काढला नव्हता.

मूळ वही पाहायला बाबांना घेऊन गेलो होतो. पोर्तुगीज मजकुराखाली आजोबांची सही मोडीत आहे. बाबांनी क्लार्कला विचारून आणखी एका प्रतीचा अर्ज भरला. ही कुणालाही द्यायची नाही, पेटीत ठेवायची, असं त्यांनी घरी सांगून ठेवलंय.