उघड्यावरची गाडी: कव्हर, सनशेड आणि शेडनेट, उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

जुळे सोलापुरात भाड्याने राहतो. गाडी जुनी पांढरी वॅगनआर, उभी राहते घरासमोर उघड्यावर. पत्र्याची शेड घालायला घरमालक तयार नव्हते आणि माझा खिसाही. त्यामुळे स्वस्तात जे जमलं ते वापरून पाहिलं, त्याबद्दल हे लिहितोय.

आधी कव्हर, कारण सगळे तेच सुचवतात. शेजारचे काका तर रोज म्हणायचे, "कव्हर घाल की बे, रंग जाईल!" चंदेरी टाफेटाचं (पातळ सिंथेटिक कापडाचं) कव्हर हजाराच्या आत येतं आणि ऊन अडवतंही. अडचण आपल्या धुळीची आहे. कव्हर स्वच्छ गाडीवर घालायचं असतं आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, मग गाडी रोज कोण धुणार? धुळीवर कव्हर ओढलं की ते पॉलिश पेपरसारखं घासतं. सकाळी तिरप्या उन्हात बॉनेटवर बारीक गोल ओरखडे दिसू लागले. वारा सुटला की कापड फडफडून आणखी घासतं, म्हणून पोटाखालून बांधायचा पट्टा असलेलंच घ्या. चंदेरी मुलामाही काही महिन्यांत भुकटी होऊन हाताला लागायला लागला. पावसाळ्यात ओलं कव्हर गाडीवर ठेवू नका, आत ओल धरून राहते. रेक्झिनचं तर घेऊच नका, त्यातून वाफ बाहेरच पडत नाही. आता गाडी इथेच ठेवून गावाला जाताना तेवढं कव्हर घालतो: गाडी धुवून, पूर्ण कोरडी करून, इंजिन गार झाल्यावर. रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या काचेचा घडीचा सनशेड मात्र पैसा वसूल. पारा ४२-४३ वर असतानाही स्टिअरिंगला हात लावता येतो आणि डॅशबोर्ड तडकत नाही. बाजूच्या काचांना आतून जुने टॉवेल अडकवतो (सोलापुरात टॉवेलची काय कमी!), निघताना काढून ठेवतो. काळी फिल्म लावायचा विचार सोडा, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी घातली आहे.

पण सनशेड आतलं वाचवतो, बाहेरचं नाही. रंगावरचा पारदर्शक थर, दारांचं रबर, वायपर, प्लास्टिकचे हेडलाइट हे सगळं अतिनील किरणांनी खराब होतं. हेडलाइट पिवळे पडतात ते त्यामुळेच. त्यावर कामाला आलं ते शेडनेट, म्हणजे शेतात सावलीसाठी बांधतात ती जाळी. आपला जिल्हा द्राक्ष-डाळिंबाचा, नर्सरीला आणि बेदाण्याच्या शेडला हेच लागतं, त्यामुळे शेतीसाहित्याच्या दुकानात मीटरवर सहज मिळतं. मी ७५ टक्के सावलीवालं घेतलं. ९० टक्केवाल्यात सावली जास्त, पण ते वाराही जास्त धरतं.

खड्डा खणायचा नाही ही घरमालकांची अट होती. म्हणून एक बाजू कंपाउंडच्या भिंतीतल्या हुकांना आणि दुसरी बाजू दोन पाइपांवर. पाइप रंगाच्या रिकाम्या डब्यांत काँक्रीट ओतून उभे केले. कोपरे मुद्दाम सुतळीने बांधले. वळवाच्या वादळात सुतळी तुटते, पाइप गाडीवर येत नाही. पत्रा असता तर उडाला असता, जाळीतून बराच वारा निघून जातो. टपापासून दोन-तीन फूट जागा सोडली, म्हणजे गरम हवा खेळती राहते.

पक्ष्यांची घाण बरीचशी जाळीवरच वाळते. गाडीवर पडलीच तर ओलं फडकं थोडा वेळ ठेवून मग उचला, कोरडी खरवडू नका, त्यातल्या आम्लाने रंगावर डाग बसतो. धूळ मात्र पहिल्याइतकीच बसते. गारांचा मात्र भरवसा नाही. त्यासाठी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) असलेला विमा लागतो, नुसत्या थर्ड पार्टीत गारांचं नुकसान मिळत नाही. जून लागला की जाळी गुंडाळून ठेवतो, नाहीतर तिच्यात साठलेल्या धुळीचा चिखल टपावर ठिबकतो. ऑक्टोबर हीटला परत बांधतो.

जाळी अजून शाबूत आहे, फक्त कडा उसवल्यात. नवीन घेणाऱ्यांनी आधीच ताडपत्रीवाल्याकडून कडा दुमडून शिवून, रिंगा मारून घ्याव्यात. मी आत्ता तेच करायला टाकलंय.