पॉवर सेव्हर, टायमर की नवा पंखा?

वीजबिल कमी करतो असं सांगून पॉवर सेव्हर म्हणून विकला जाणारा प्लगमधला डबा घेऊ नका. तो उघडला तर आत निघतो एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग), एक-दोन एलईडी आणि ते पेटवण्यापुरते डायोड-रेझिस्टर. कपॅसिटर काही खोटा नसतो. कारखान्यांत त्याने खरंच पैसे वाचतात, कारण तिथे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) घसरला की भुर्दंड पडतो. गोव्यात वीज खातं घरगुती बिल काढतं ते मात्र युनिटवर, म्हणजे किलोवॉट-तासांवर. पॉवर फॅक्टर सुधारला म्हणून त्या बिलात काही कमी होत नाही.

विक्रेता अँपिअर दाखवतो, तिथेच माणूस फसतो. विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप धरा: ५५० वॉट, पॉवर फॅक्टर ०.७५, करंट सुमारे ३.२ अँपिअर. शेजारी ४.७ मायक्रोफॅरडचा डबा लावला की अँपिअरचा काटा ३ च्या आसपास उतरतो. उतरतो हे खरंच. पण पंप पाणी तेवढंच चढवतो आणि वॉट ५५० च राहतात. कमी होते ती वायरिंगमधली गळती, अर्ध्या ओहमच्या वायरला पाऊण वॉटसुद्धा नाही, आणि तीही पंप चालू असेपर्यंतच. डब्यावरचा दिवा मात्र चोवीस तास जळतो.

पटत नसेल तर घरचा मीटर बघा. त्यावर इम्प/किलोवॉट-तास (एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो) असा आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल तर ७५ वॉटचा पंखा १५ मिनिटांत ६० वेळा लाल दिवा लुकलुकवतो. फ्रीजसकट बाकी सगळं बंद करून मोजा, मग डबा लावून पुन्हा मोजा. हे दोनदा आलटून-पालटून करा. नाहीतर संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंखाच कमी वीज घेतो आणि श्रेय डब्याला जातं.

डबा आधीच घेतला असेल तर काढताना पिनांना हात लावू नका. स्वस्त मालात कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर नसला तर झटका बसतो. आपल्या दमट, खारट हवेत असला हलका माल रात्रंदिवस सॉकेटमध्ये ठेवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

ठरलेल्या वेळी वीज बंद करणाऱ्या टायमर प्लगचा उपयोग आहे, पण ज्यांचा गिझर विसरून चालू राहतो त्यांनाच. गोव्यात पाणी फार थंड नसतं. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ४५ वर न्यायला ०.३१ युनिट लागतं, म्हणजे २ किलोवॉटच्या गिझरला दहा मिनिटं. त्यापुढे तापवलेलं पाणी टाकीत थंड होत राहतं. टायमर १६ अँपिअरचाच घ्या. हा गिझर ८.७ अँपिअर ओढतो, ६ अँपिअरचा प्लग त्याने वितळू शकतो.

खरी बचत पंख्यात आहे. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) साधारण ३० चा. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ ऐवजी सुमारे ११ युनिट, म्हणजे १६ युनिट वाचले. दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे वाचलेली युनिटं आपल्या सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. किंमत भरून निघायला किती महिने लागतील हे त्याच दराने काढा. बसवताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका, नाहीतर पंख्याचा सर्किट बोर्ड लवकर जातो. वीज कडाडू लागली की मेन स्विच बंद करा, बोर्ड बदलायचा खर्च वर्षभराची बचत खाऊ शकतो.

चवथीला पाहुणे आले तरच उघडणाऱ्या खोलीतला पंखा बदलू नका. रोज तीन तास चालला तरी महिन्याला जेमतेम ४ युनिट वाचतात. आधी हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा बदला.