अल्जिनेट लायेज: काम चोख, लेबल अपुरं

लातूरला आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसाठी अल्जिनेट लायेज हे एन्झाइम मागवलं; समुद्री शेवाळातल्या अल्जिनेट या साखरेच्या लांब साखळीला ते तोडतं. एप्रिलचं ऊन, खोकं उघडलं तर आइस पॅक पार कोमट! जीव खाली-वर झाला, कारण दुसरी बाटली डिपार्टमेंटला परवडणार नव्हती.

पण एन्झाइमनं लाज राखली. सोडियम अल्जिनेटमध्ये टाकल्याबरोबर २३५ नॅनोमीटरवर प्रकाश शोषला गेल्याचा आकडा मिनिटागणिक चढत गेला. लायेज साखळी तोडताना पाणी वापरत नाही, तुटल्या टोकाला दुहेरी बंध सोडतं; तोच तिथं दिसतो. मुलींनी केलेले कॅल्शियम अल्जिनेटचे साबुदाण्याएवढे मणी आधी मऊ पडले, मग विरघळले. मात्र फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घेऊ नका, तो कॅल्शियम ओढून मणी स्वतःच फोडतो. ट्रिस बफर घ्या, आणि तुलनेला बिनएन्झाइमची एक नळी शेजारी ठेवाच.

खटकलं ते लेबल. अल्जिनेटची साखळी ज्या दोन घटकांची, त्यांतला मॅन्युरोनिक अॅसिडचा भाग तोडतं की ग्युल्युरोनिकचा, कुठल्या जिवाणूच्या कुठल्या जीनचं, काहीच लिहिलेलं नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या ‘एएलजीएल’ जीनचं लायेज मॅन्युरोनिकच्या बाजूचं. असं मुलांना दाखवून शिकवायचं तर बाटलीवर एवढं तरी हवं. पुढची ऑर्डर डिसेंबरातच देणार.